गोटू वापरला म्हणून गुण कापले!

प्रश्न: मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सी भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये फाइल किंवा सीरियल पोर्ट उघडला नाही तर फंक्शनच्या शेवटी जाऊन आधी घेतलेली मेमरी वगैरे मोकळी करायची, यासाठी मी गोटू (प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी आज्ञा) वापरला. प्रोग्रॅम नीट चालला, तरी मॅडमनी गुण कापले. ‘गोटू दिसला की गुण गेले’ असं त्या सांगतात. माझा भाऊ सातपूरला एका कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहितो. तो म्हणतो, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ढिगाने गोटू आहेत. कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: तुझा गोटू योग्य जागी होता, गुण कापायला नको होते. पण मॅडमच्या नियमामागे भक्कम कारण आहे. ते समजून न घेता नुसतं भावाचं ऐकलंस, तर नोकरीत पहिल्याच महिन्यात अडचणीत येशील.

मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचं गोटूविरुद्धचं पत्र छापून आलं. गोटू घातक आहे, असा त्याचा गाजलेला मथळा संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिला होता. लोकांच्या लक्षात मथळा राहिला, मुद्दा मागे पडला. मुद्दा असा: चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवला तर तो कुठवर आलाय हे आपल्याला सांगता यायला हवं. लूप असेल तर ओळ आणि कितवी फेरी एवढं पुरतं. फंक्शन असेल तर कोणी कोणाला बोलावलं, ती साखळी पुरते. वाटेल तिथून वाटेल तिथे उड्या असतील, तर ‘आत्ता या ओळीवर आहे’ यावरून काहीच कळत नाही. इथवर येताना काय काय घडून गेलं, ते कोडकडे बघून सांगता येत नाही.

हे बघायचं असेल तर अंबडच्या एखाद्या सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या वर्कशॉपमध्ये, जा. तिथल्या मशीनला चालवणाऱ्या फानुक कंट्रोलरच्या मॅक्रो प्रोग्रॅममध्ये गोटू रोज वापरतात: अट खरी ठरली की ‘गोटू १००’, म्हणजे एन१०० नंबरच्या ब्लॉकवर (प्रोग्रॅमच्या ओळीवर) जा. एका शॉपमध्ये ऑपरेटरने जुन्या जॉबचा तुकडा कॉपी करून मध्ये चिकटवला होता, आणि एन१०० एकाच प्रोग्रॅममध्ये दोनदा आला होता. कंट्रोलर चालू ब्लॉकपासून पुढे शोधत जातो, त्याला आधी चिकटवलेला सापडला. मधली टूल वर उचलायची ओळ राहून गेली आणि टूल जॉबमध्ये घुसलं. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर होती. त्याच कंट्रोलरला व्हाइल लूप येतो. मागे उडी मारून फेऱ्या करण्यापेक्षा तो वेगाने चालतो आणि वाचताही येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की लूप करायला गोटू कधीच वापरू नये.

तुझी गोष्ट वेगळी. आधी मेमरी घेतली, मग फाइल, मग सीरियल पोर्ट. तिसऱ्या पायरीला चूक झाली तर दोन गोष्टी परत करायच्या, दुसरीला झाली तर एक. सीमध्ये हे आपोआप होत नाही. गोटू टाळायचा म्हटलं की इफच्या आत इफ, त्याच्या आत आणखी इफ, नाहीतर मेमरी सोडणारं फ्री आणि फाइल बंद करणारं एफक्लोज तेच ते चार ठिकाणी. पुढे एक ठिकाण दुरुस्त करायचं राहतं आणि मेमरी गळत राहते. कर्नलच्या कोडिंगच्या नियमांत अशा वेळी गोटू वापरायला स्पष्ट मुभा आहे. मात्र लेबलचं, म्हणजे गोटू जिथे उडी मारतो त्या जागेचं, नाव ‘एरर१’, ‘एरर२’ असं नको, तिथे काय मोकळं होतं ते नावात यावं.

लेबलच्या नावाचं मी मनापासून सांगते आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. इफखालच्या ओळींना महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि खरी तपासणी वगळली जायची. बहुतेकांनी दोष कंसांना दिला. मला लेबलही तितकंच दोषी वाटतं. नाव ‘फेल’, पण काम यशस्वी झालं तरी वाट तिथूनच जात होती. तिथे पोचताना एररची किंमत शून्यच, म्हणजे ‘चूक नाही’ अशीच होती, म्हणून न तपासलेली सही ‘ठीक’ म्हणून परत गेली.

घेतलेल्या गोष्टी आपोआप परत करायला सी++ मध्ये डिस्ट्रक्टर आहेत, पायथॉनमध्ये विथ आहे, जावाने तर गोटू हा शब्द राखून ठेवला पण वापरायलाच दिला नाही. तिथे हा प्रश्न येत नाही. भाऊ गाड्यांच्या भागांसाठी फर्मवेअर लिहीत असेल तर मिसराची, म्हणजे सुरक्षित सी कोड कसा लिहावा याची, नियमावली त्याला ठाऊक असेल. २००४ च्या आवृत्तीत गोटूला सरळ बंदी होती. २०१२ च्या आवृत्तीत ‘शक्यतो टाळा’ एवढाच सल्ला उरला, पण वापरलाच तर त्याच फंक्शनमध्ये आणि खालच्याच दिशेने, हे बंधन घातलं.

तुझा कोड या बंधनात बसतो का, आधी तपास. बसत असेल तर गोटू नसलेली आवृत्तीही लिही आणि दोन्ही घेऊन मॅडमना भेट. वाद घालू नकोस. पोर्ट उघडला नाही तर काय काय परत करायचं, ते दोन्हींत बोट ठेवून दाखव.