ऐन पावसाळ्यात कामाला लागतेस म्हणून

प्रिय बाळ,
शुभाशीर्वाद.

पुढच्या आठवड्यापासून पेट क्लिनिकमध्ये रुजू होते आहेस हे वाचून फार आनंद झाला. ऐन जुलैत लागते आहेस, त्यामुळे किडे पडलेली जखम लवकरच तुझ्यासमोर येणार. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ही जखम बहुतेकदा कानामागे, मानेवर, शेपटीच्या बुडाशी नाहीतर पंजाच्या बोटांमध्ये असते. वरून एक बारीक भोक आणि चिकटलेले ओले केस, एवढंच दिसतं. वास मात्र आधी येतो. मालक म्हणतात, "काल तर काहीच नव्हतं हो." त्यांच्यावर चिडू नकोस. माशीने अंडी घातली की दिवसाभरात अळ्या बाहेर पडतात, आणि दाट केसांखाली ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

आधी केस काढायचे. पण मशीन लावण्यापूर्वी जखमेत निर्जंतुक जेली भर, म्हणजे कापलेले केस आत न जाता जेलीला चिकटतात आणि धुताना तिच्याबरोबरच निघून येतात. केस काढताना कंजुषी करू नकोस, जखमेभोवती चांगली दोन बोटं कातडी मोकळी दिसली पाहिजे. तेव्हा कुठे कळतं की भोक एक नाही, तीन आहेत आणि आतून एकमेकांना मिळालेली आहेत.

टर्पेंटाइनची बाटली तुला अजूनही जागोजागी दिसेल. काही जण घरूनच ओतून आणतात. त्याने अळ्या बाहेर येतात हे खरं, पण उघड्या मांसाची भयंकर आग होते, आणि कुत्र्याने चाटलं तर ते पोटात जातं. मांजराच्या जवळपासही ते नको. डॉक्टर सांगतील ते औषध, वेदनाशामक, गरज पडली तर गुंगीचं इंजेक्शन, आणि मग चिमटा. अळीचं डोकं मांसात रुतलेलं असतं आणि श्वास ती मागच्या टोकाने घेते, म्हणून तिचं शेपूट जखमेच्या तोंडाशी हलताना दिसतं. ते अलगद धरून सावकाश ओढ. चिरडलीस तर तुकडा आत राहून सडतो. सगळ्या निघाल्या असं वाटलं की सलाईनने धू, थोडा वेळ थांब आणि टॉर्च मारून पुन्हा बघ, कारण खोलवर गेलेल्या अळ्या श्वासासाठी वर येतात. दुसऱ्या दिवशीही ड्रेसिंग उघडल्यावर दोन-चार निघतील असं धरूनच चाल.

जखम धुणं हेच निम्मं औषध आहे असं मी मानते. 20 मिलीची सिरिंज, 18 नंबरची सुई आणि भरपूर सलाईन. त्या धारेला घाण सुटण्याइतका जोर असतो, मांस फाटण्याइतका नाही. बीटाडीन बाटलीतून तसंच ओतू नकोस, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगावर येईल इतकं पातळ कर. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेवर नको, नव्याने भरून येणारं मांस त्याने मरतं. हळद किंवा कॉफी पावडर भरून आणलेलं जनावर दिसलं तर मालकांना ओरडू नकोस. ती मायेने लावलेली असते. फक्त ती सगळी धुऊन काढ, नाहीतर खाली काय आहे ते कुणालाच दिसणार नाही.

दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची जखम बाहेरून फसवी असते. दाताची दोन भोकं दिसतात आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते. केस काढल्याशिवाय "किरकोळ आहे" असं कुणालाही सांगू नकोस.

पायाला बँडेज बांधलंस की मधली दोन बोटं उघडी ठेव. पुढे दर काही तासांनी ती बघ. नखं एकमेकांपासून फाकली असतील तर आत सूज चढते आहे, बोटं गार लागली तर बँडेज आवळलंय, दोन्ही वेळा लगेच सोडवायचं. बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी चालेल, घरी आल्यावर काढायलाच हवी. भिजलेलं बँडेज तसंच ठेवण्यापेक्षा बँडेज नसलेलं परवडलं.

आता एक गोष्ट अगदी मनावर कोरून ठेव. कुणी फोनवर म्हणालं, "बोका सारखा मातीत जाऊन बसतोय, कुंथतोय, शी होत नाहीये," तर पहिला प्रश्न विचार: शू शेवटची कधी केली? नर मांजरांत मूत्रमार्ग तुंबतो आणि घरच्यांना तो बद्धकोष्ठ वाटतो. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. अशा बोक्याला उद्याची वेळ द्यायची नाही, तो आला की रांगेत बसवायचं नाही, आणि त्याचं पोट स्वतः दाबून बघायचं नाही. थेट डॉक्टरांना हाक मार.

मांजराला ताप आला म्हणून कुणी घरातली पॅरासिटामॉल दिली असेल तर तीही तितकीच तातडी. एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. हिरड्या मातकट दिसायला लागतात. गोळी किती वाजता दिली ते विचारून लिहून घे.

गोचीडताप तुला वर्षभर दिसेल. फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके असं काही दिसलं तर रक्त काढल्यावर सुईची जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धर, प्लेटलेट्स उतरलेल्या असतात. गोचीड बोटांनी चिरडू नये. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी मांजराला दिली की पाठोपाठ सिरिंजने थोडं पाणी पाज, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

पार्व्हो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा संसर्गजन्य विषाणू. पार्व्होचं पिल्लू वेगळ्या खोलीत, वेगळ्या एप्रनवर. फिनेलवर विसंबू नकोस. आधी घाण धुऊन घे, मग एका भागाला तीस भाग पाणी घालून ब्लीच लाव आणि दहा मिनिटं राहू दे. पिल्लाचं अंग गार पडू देऊ नकोस. सलाईन चालू असताना कॅन्युलाच्या (शिरेत बसवलेल्या नळीच्या) खालचा पंजा फुगलाय का हे येता-जाता बघ. उलट्या चालू असताना तोंडात जबरदस्तीने काही घालायचं नाही. किती उलट्या, किती जुलाब, शू झाली का, हे वेळेसकट कार्डावर लिही. डॉक्टर पिल्लाजवळ काही मिनिटं असतात, बाकी वेळ तूच असतेस. पुढचं सलाईन किती द्यायचं हे तुझ्या त्या ओळींवरूनच ठरतं.

शेजारपाजारचे लोक तुला फोन करून औषध विचारतील. सांगू नकोस. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, आणि तो नियम मला योग्य वाटतो. तापाचा आकडा जरूर विचार. कुत्र्याचा 101 ते 102.5 फॅरनहाइट हा ताप नव्हे, हेच पुष्कळांना माहीत नसतं.

रुजू होण्याआधी रेबीजची लस सुरू कर. आधीच घ्यायची असते तेव्हा 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी देतात. ती घेतलेली असली तरी चावल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि पुढचे दोन डोस घ्यायचेच. पावसाळ्यात कावीळ झालेला कुत्रा आला तर लेप्टोचा (लघवीतून माणसालाही होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) संशय धर, त्याच्या लघवीला हातमोज्याशिवाय हात लावू नकोस. क्लिनिकवाले लसीचे पैसे देत नसतील तर मी देईन, पण त्यासाठी थांबू नकोस. पहिला डोस कधी घेतलास ते कळव.

तुझी,
ताई