स्नोबोर्ड, इस्त्री आणि इंदूरचा माळा

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मुलाने गुलमर्गहून एक वापरलेला स्नोबोर्ड (उभं राहून बर्फावरून घसरायची फळी) विकत आणला. आल्या आल्या तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला. परवा काढला तर कडांना गंज, आणि काळा तळ कडेकडेने पांढुरका पडलेला. जानेवारीत पुन्हा जायचं म्हणतोय. मेणबत्ती घासून घरची इस्त्री फिरवली तर भागेल का?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, भागेल, पण एखाद्या सकाळपुरतं. मेणबत्तीचं मेण मऊ. जानेवारीतल्या कोरड्या, गार बर्फावर ते लवकर घासून जातं आणि मग सपाटी आली की चिरंजीव बोर्ड काखेत मारून पायी येतात. ऑनलाइन ‘ऑल टेम्परेचर’ वॅक्सची वडी मिळते, ती मागवा. सोबत अ‍ॅक्रिलिकचा स्क्रेपर आणि नायलॉनचा ब्रश.

पांढुरका तळ म्हणजे कोरडा पडलेला तळ. तो पॉलिथिलीनचा असतो आणि लोखंडी तव्यात तेल मुरवतो तसं त्यात वॅक्स मुरवावं लागतं. घसरताना घर्षणाने बर्फावर पाण्याचा पातळ थर होतो. वॅक्स नसलं की तो तळाला धरून ठेवतो. मार्चमधल्या दुपारच्या ओल्या बर्फावर हे फार जाणवतं, कोणी मागून ओढतंय असं वाटतं.

आधी बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, काढा. गंज स्टीलच्या कडांवरच आहे, तो गंज काढायच्या रबरी खडूने हलक्या हाताने घासा. तळाला मात्र पॉलिश पेपर लावू नका. मग गच्चीत, मोकळ्या हवेत, दोन स्टुलांवर बोर्ड उपडा ठेवा. इस्त्री जुनी, जड, वाफेची भोकं नसलेली हवी. वडी टेकवली की वॅक्स वितळावं, पण धूर येता कामा नये. धूर आला की आच कमी करा. थेंब सगळीकडे पाडून इस्त्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत राहा, एका जागी क्षणभरही थांबवू नका. मी पहिल्या वेळी फोन घ्यायला वळलो, तेवढ्यात तळाला टेंगूळ आलं. ते अजून आहे. पाय ठेवायच्या, आता खाली असलेल्या बाजूला हात लावला आणि कोमट लागलं की पुरे.

त्यानंतर अर्धा-पाऊण तास बोर्डाकडे बघूही नका. पूर्ण गार झाल्यावर स्क्रेपरने सगळं खरवडून काढा. इथे आपल्या लोकांचा जीव कळवळतो, एवढं महागाचं वॅक्स फेकायचं! पण काम करतं ते आत मुरलेलं. वर राहिलेला थर बर्फ ओढून धरतो. शेवटी ब्रश मारा. तळ इतका कोरडा आहे, तर हे सगळं दोन-तीनदा करा.

त्याला त्या बोर्डासोबत जुन्या वॅक्सची डबी मिळाली असेल आणि त्यावर ‘फ्लोरो’ (म्हणजे फ्लोरिनयुक्त) लिहिलेलं असेल, तर ते वॅक्स तापवू नका. त्यातली रसायनं निसर्गात टिकून राहतात आणि तापवल्यावरचा धूर फुप्फुसांना वाईट. 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांमध्येही ते बंद आहे.

खरी चूक मात्र झाली ती फेब्रुवारीत. ओला बोर्ड प्लास्टिकमध्ये, वर आपला मे महिना, मग पावसाळा. पुढच्या वेळी आल्याबरोबर कोरडा पुसा, कडांसकट जाड वॅक्स लावा आणि ते न खरवडता तसंच राहू द्या. खालच्या खोलीत, दिवाणाखाली, जुन्या सुती चादरीत ठेवा. खरवडायचं ते थेट पुढच्या ट्रिपच्या आधी.

आणि ती इस्त्री परत कपड्यांना लावू नका. आमच्याकडे एका लग्नाच्या सकाळी माझ्या झब्ब्याच्या पाठीवर वॅक्सचा हा एवढा डाग पडला. तेव्हापासून आमच्या त्या इस्त्रीच्या मुठीवर लाल ऑइलपेंटने ‘बोर्ड’ लिहिलंय. अक्षर बायकोचं.