प्रदर्शनावर लिहायला बसण्याआधी

पहिलं म्हणजे प्रेसनोट घरीच ठेव. मी एकदा तिच्यावरूनच लिहिलं आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या एका साली-चित्राला बेधडक 'ॲक्रिलिक' म्हणून मोकळा झालो. समोर झाडाची साल दिसत होती, तिच्यावर गेरू, पांढरी माती, कोळसा. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागली!

कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीतलं 'ॲबोरिजिनल मेमोरियल' बघ, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींचं स्मारक. रामिंगिनिंग परिसरातल्या कलावंतांनी रंगवलेले २०० पोकळ ओंडके, १९८८ साली केलेले, गोऱ्यांच्या वसाहतीच्या प्रत्येक वर्षामागे एक. मूळ परंपरेत असे ओंडके मृतांच्या अस्थींसाठी. नुसता समोरून फोटो काढून निघू नकोस, त्यांच्यामधल्या वाटेनं चाल. प्रत्येकावरच्या रेघा वेगळ्या आहेत, हे चालतानाच कळतं.

कलावंताच्या नावासोबत त्याचा समाजही लिही. १९२१ पासून चाललेल्या, व्यक्तिचित्रांसाठीच्या आर्चिबाल्ड पुरस्काराचा पहिला ॲबोरिजिनल विजेता व्हिन्सेंट नामाजिरा, २०२० साली. नुसतं 'ॲबोरिजिनल चित्रकार' लिहिलंस तर अर्धीच ओळख दिलीस. तो वेस्टर्न अरांडा समाजाचा. दिवंगत कलावंताचं नाव किंवा फोटो छापण्याआधी मात्र गॅलरीकडे विचारून घे. अनेक समाजांत ते चालत नाही.

आर्चिबाल्डवर दरवर्षी ढीगभर लिहिलं जातं, त्यात तू भर घातली नाहीस तरी चालेल. त्यापेक्षा ब्रिस्बेनचं एशिया पॅसिफिक ट्रायेनियल धर, दर तीन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन. १९९३ पासून चालू आहे. दोन दिवस काढ, आणि वहीत पेन्सिलनंच लिही. चित्रांजवळ पेन दिसलं की रखवालदार टोकतातच.