मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावरच्या वेळा नीट वाचा

ताई, पहिल्यांदाच लेकीकडे निघालात, म्हणून आधी वेळेचा हिशेब सांगते. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात, येताना 14 च्या आसपास. अंतर तेच, पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, इथेच सगळे गोंधळतात. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. जुलैत रात्री दीडला निघालात, तर 16 तासांनी तिथे त्याच तारखेचे सकाळचे आठ वाजलेले असतील! आणि रात्री दीड म्हणजे आदल्या संध्याकाळीच घर सोडायचं. तारीख चुकून विमान हुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, निदान तीन तासांचं अंतर ठेवा. औषधं हातातल्या बॅगेतच. गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना वेळा आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.