फोड फक्त ग्रे शेडमध्येच का आले?

प्रश्न : डॉक्टर, मी 24 वर्षांचा, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दंडावर वाघाच्या तोंडाचा टॅटू काढून घेतला, पहिले दोन आठवडे एकदम ओके, खपल्या पण पडल्या आणि मग बारीक लाल फोड यायला लागले, ते पण फक्त राखाडी शेडिंगवर, काळ्या रेषा स्वच्छ. मेडिकलमधनं पाच दिवसांच्या गोळ्या आणि क्रीम आणलं, फरक शून्य. आई म्हणते तालमीतली माती लागली, वस्ताद म्हणतात उष्णता आहे, ताक पी. खरं काय?

उत्तर : मातीनं झालं असतं तर मातीनं रेषा आणि शेडिंग असं बघून फोड आणले नसते की ओ! तुम्ही स्वतःच निम्मं निदान करून पाठवलंय. नेहमीचं इन्फेक्शन, म्हणजे स्टॅफ, स्ट्रेप वगैरे कातडीवरच्या नेहमीच्या जंतूंचं, चार-पाच दिवसांत दिसतं, जागा गरम होते, ठणकते, पू येतो. तुमचं उशिरा आलं आणि एकाच रंगात आलं, त्यामुळं मला शाईचाच संशय येतोय. ग्रे शेड करायला काळ्या शाईत पाणी घालतात, आणि नळाच्या काय, जारच्या पाण्यात पण क्षयरोगाच्या जंतूचे लांबचे भाऊबंद असू शकतात, पिऊन काही होत नाही पण सुईनं कातडीत गेले की बसतात ठाण मांडून. 2011 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला एकाच टॅटूवाल्याकडच्या 19 जणांना असंच पुरळ आलं, जंतू याच भाऊबंदांतला, मायकोबॅक्टेरियम चेलोनी, आणि तो तयार ग्रे शाईच्या सीलबंद बाटलीत पण सापडला, म्हणजे दरवेळी दुकानदाराचीच चूक असते असं नाही.

आता ते क्रीम बंद करा, त्यात बहुतेक स्टेरॉइड असणार, वरून लाली कमी दिसते आणि आत जंतूंची चैन. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या, किंवा कुठल्याही स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, मसुराएवढा तुकडा काढून बायोप्सी करतील, पण कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) कागदावर मायकोबॅक्टेरियासाठी असं लिहून घ्या, नाहीतर लॅबवाले दोन दिवसांत काही वाढलं नाही म्हणून रिपोर्ट देतात. चेलोनी निघाला तर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिनसारखं औषध काही महिने घ्यावं लागतं. ताप आला किंवा लाल रेघ काखेकडं चढली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

ताक प्या, चांगलंच असतं. तालीम थोडे दिवस बंद, फोडांवर माती नको. आणि टॅटूवाल्याला फोन करून विचारा, ग्रे बाटलीतला होता का पाणी घालून केलेला, पाणी कुठलं. भांडायला नव्हे, डॉक्टरांना सांगायला.