दोन मिनिटं कीबोर्ड वाजवू का?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी कीबोर्ड वाजवतो. नवे पाळकसाहेब संदेशानंतर (प्रवचनानंतर) दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवतात. लोक खोकतात, पोरं चुळबुळतात, रोपलावणीच्या दिवसांत तर म्हातारे डुलक्या काढतात. मला फार अवघडल्यासारखं होतं. मागे हळू सूर धरून ठेवला तर चालेल का?

उत्तर : नको धरूस, बाबा. हात शिवशिवतो हे मला कळतं. मीही बेळगावात, कॅम्पातल्या मंडळीत, तीस वर्षं पेटी वाजवली. पण सूर चालू राहिला की लोक पुढचं गीत कोणतं याचाच अंदाज बांधत बसतात.

माझे यजमान गेले त्या वर्षी माझी बोटं पेटीवर चालायची, तोंड मात्र उघडायचं नाही. सगळे गात असताना आपण गप्प, याची चोरी वाटायची. सगळेच गप्प झाले की ती चोरी नसायची. आमच्याकडे संदेश मराठीत आणि मागोमाग कन्नडमध्ये. पेटीशेजारच्या बाकावर बसणाऱ्या आक्कांना मराठी येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. एका रविवारी त्या शांततेत त्यांनी माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला, डोळे मिटलेलेच. (भाषांतर करणाऱ्यालाही तेवढीच विश्रांती!)

बायबलात होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यापुढून सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी होऊन गेले. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर आली ती मंद वाणी. ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय १९, पुन्हा वाचून बघ. आणि बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या ८व्या अध्यायात, गुंडाळीवरचा सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास कुणी बोलत नाही. तुमचे पाळक दोनच मिनिटं मागतायत.

अवघडणं मलाही नवीन नाही. कॅथलिक शेजारणीबरोबर एकदा गुड फ्रायडेच्या विधीला गेले होते. ना घंटा, ना प्रवेशगीत. फादर आले ते वेदीपुढे जमिनीवर पालथे पडले, आणि आम्ही गुडघ्यांवर. आदल्या दिवशीच्या, गुरुवारच्या मिस्सेतल्या (उपासनेतल्या) गौरवगीतानंतर घंटा थेट ईस्टरच्या रात्री वाजते, असं तिनं नंतर सांगितलं. मला तेव्हा कुणाच्या तरी बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

खोकू देत. आठवडाभर चिखलात वाकलेला माणूस देवापुढे डुलकी घेतो, तर घेऊ दे. पाळकसाहेबांना मात्र एक सांग : नुसतं "शांत राहा" म्हटलं की लोक घड्याळ बघतात. त्याऐवजी संदेशातलं एक वाक्य मनात धरायला द्यावं, आणि सुरुवात एका मिनिटानं करावी.

तू शेवटचा सूर सोडलास की आवाजाचं बटण पूर्ण खाली कर, नाहीतर स्पीकरची घूं घूं राहते. हात मांडीवर. आणि पुढचं गीत खालच्या पट्टीत घे. गप्प बसलेला गळा एकदम वर जात नाही.