सहा कोंबड्यांसाठी खुराडं कसलं? आधी झाडणार कोण ते सांगा

तुम्ही विचारलंय की परसात सहा कोंबड्या ठेवायच्या आहेत, तर लाकडी दुमजली सुबक खुराडं घ्यावं, चाकांवरचं त्रिकोणी हलतं घ्यावं की जाळीची साधी शेड उभी करावी. प्रश्नात मापं आहेत, कुठला रंग द्यायचा तेही आहे. रोज झाडणार कोण, तेवढं नाही. म्हणजे झाडणारं माणूस वेगळं आहे, हे मी लिहून देते.

दुमजली घेऊ नका. आमच्याकडे होतं.

आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, हौशी माणूस. सुतारकामात हात चांगला, त्याबद्दल वाद नाही. कुठलंसं चित्र बघून महिनाभर खपले आणि लाल रंगाचं खुराडं केलं. उतरतं छप्पर, वर जायला इवलीशी शिडी, पुढे वीतभर खिडकी आणि तिला झडप. येणारा-जाणारा थांबून फोटो काढायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊजी, मागच्या कोपऱ्यातलं अंडं काढायचं कसं?" तर म्हणाले, "हात घालायचा, वहिनी." हात पुरायचा नाही, मग खांदा जायचा, मग डोकं. एकदा वेणी आतल्या खिळ्यात अडकली. अर्धी मी आत, अर्धी बाहेर, आणि कानाशी एक खुडूक कोंबडी पिसं फुलवून गुरगुरतेय. घरात तिघं होते, एकालाही हाक ऐकू गेली नाही.

त्यात भाऊजींनी अंडी घालायचे खोके ठेवले वरच्या मजल्यावर आणि बसायची दांडी खाली. कोंबडी रात्री मिळेल तेवढी उंच जागा धरते, त्यामुळे सहाच्या सहा जणी खोक्यांत झोपायला लागल्या. रात्रभराची शिट तिथेच, सकाळचं अंडंही तिथेच. धुवावं तर कवचावरचा पातळ लेप जातो आणि अंडं टिकत नाही. दांडी खोक्यांपेक्षा उंच हवी, बस्स. पण रंग दिल्यावर कोण खोलतं?

मग पावसाची झड लागली. कोंबडीची लघवी वेगळी नसते, शिटेवरचा पांढरा भाग तीच. तिला ओल लागली की अमोनिया सुटतो. आत हवा यायला ती एक वीतभर खिडकी, तीही "गारठतील" म्हणून रात्री बंद. एका तलंगेच्या डोळ्यात फेस आला, शिंकायला लागली. भाऊजींनी निदान केलं, थंडी बाधली. आणि उरल्यासुरल्या फटींतही गोणपाट कोंबलं. दोन दिवसांत तिघी शिंकायला लागल्या, आठवड्याभरात दोघी गेल्या. त्या दिवशी पहाटे मी दार उघडल्या उघडल्या कोंबड्या बसतात त्या उंचीला तोंड नेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आपण बाहेर उभे राहून नाक मुरडतो, त्या तिथे अख्खी रात्र काढतात.

धडधाकट मोठ्या कोंबडीला नुसता गारठा सहसा मारत नाही. अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास, वर पिसं फुगवून बसते. ओल आणि कोंदट हवा मारते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्फ पडतो तिथेसुद्धा पुढची बाजू उघडी ठेवून खुराडी बांधत होते. हे मी भाऊजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्या कोंबड्या वेगळ्या."

लाकडाच्या फटींचं आणखी एक. लाल किडे दिवसा सांध्यांत लपतात आणि रात्री निघून रक्त पितात, त्यामुळे दिवसा काही म्हणजे काही दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन गेले आणि दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं, तर फडक्यावर रक्ताचे फराटे. जितके सांधे, नक्षी, मजले, तितकी त्यांची घरं. साधी दांडी, काढून उन्हात टाकता येईल अशी, कधीही बरी.

भाऊजी चार दिवस बाहेरगावी गेले तेव्हा मी त्यांचीच करवत घेतली आणि पुढची अख्खी भिंत कापून काढली. तिथे जाळी ठोकली. तिसऱ्या दिवशी वास गेला, उरलेल्यांच्या शिंका हळूहळू थांबल्या. भाऊजी आले, बघितलं, हातपाय न धुताच परत फिरले. आजही चारचौघांत "वहिनींनी माझं खुराडं फाडलं" हे निघतंच. फाडलं नाही, सरळ रेषेत कापलं.

आता तुमचं. चौघी चांगल्या राहिल्या त्यावर मी नवीन शेड घातली, ती सांगते. आत कोंबडीमागे किमान 4 चौरस फूट, म्हणजे सहा जणींना 24, आणि बाहेर फिरायला प्रत्येकी 8 ते 10. तयार खुराड्यावर "सहा कोंबड्यांसाठी" लिहिलेलं असतं, ते तिघींसाठी समजा. दांडीवर एकीला 8 ते 10 इंच जागा, आणि दांड्या सगळ्या एकाच उंचीवर. पायऱ्यापायऱ्यांनी लावल्या की वरच्या पायरीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. खोके फूटभर लांब-रुंद, सहा जणींना दोन पुरतात, त्या तरीही एकाच खोक्यासाठी रांग लावतील. खोक्याला बाहेरून झाकण हवं, वेणीवाल्यांसाठी. हवेची जागा कोंबडीच्या डोक्याच्या वर, म्हणजे झोत अंगावर येत नाही. आणि छप्पर एवढं उंच की झाडणारं माणूस ताठ उभं राहील. ही शेवटची अट सोडणार असाल तर बाकीचं वाचू नका.

चाकांवरचं त्रिकोणी खुराडं सपाट गवतावर दोन-तीन कोंबड्यांना ठीक. सहांना नको.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला जड जातंय. भिंत कापून मी जी जाळी ठोकली ती षटकोनी भोकांची, पातळ तारेची होती. ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. दोनेक महिन्यांनी एका सकाळी बघते तर खालचा कोपरा उचकटलेला आणि दोघी गायब, नुसती पिसं. बोका होता की उदमांजर, कुणी पाहिलं नाही. भाऊजी एवढंच म्हणाले, "भिंत होती तेव्हा एक तरी नेली होती का?" नव्हती नेली. तेव्हा जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली घ्या. नुसत्या पिना मारू नका, वरून पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. आणि खाली फूटभर जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरून वर माती लोटा, म्हणजे उकरणारा तिथेच अडतो. उघडी बाजू पावसाच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नका, छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. आणि फार कडक थंडीत पिल्लं ठेवणार असाल तर मी वर गारठ्याबद्दल जे तोऱ्यात लिहिलंय ते त्यांना लागू नाही, त्यांना ऊब द्यावीच लागते.

नव्या शेडचं दार भाऊजींनीच केलं. न बोलता आले, मापं घेतली, दोन दिवसांत बसवून गेले. बिजागऱ्या करकरत नाहीत, फटीतून करंगळी जात नाही. कडी मात्र त्यांच्या उंचीला लावलीय, रोज सकाळी मला टाचा उंचवाव्या लागतात.